खडीच्या वाटेवरचे तण

मे महिना संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप बदलतो. गेल्या महिन्यापर्यंत आंब्याच्या मोहराबद्दल आणि कुंड्यांतल्या माव्याबद्दल विचारणारे वाचक आता अंगणाबद्दल विचारू लागले आहेत. त्यातली पाच पत्रे एकाच गोष्टीची आहेत, म्हणून यावेळचे संपूर्ण सदर त्या गोष्टीलाच दिले आहे.

प्रश्न : रस्त्यापासून आमच्या सोप्यापर्यंत सुमारे २० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद अशी गाडीची वाट आहे. सहा वर्षांपूर्वी तिच्यावर खडी घातली. खाली ठेकेदाराने काळे प्लास्टिक अंथरले होते. पहिली दोन वर्षे एक काडीही उगवली नाही. आता मात्र जुलैमध्ये वाट कुठे आणि परसू कुठे ते कळत नाही. लव्हाळा तर हटतच नाही. विहीर वाटेपासून दहा-बारा पावलांवर आहे, त्यामुळे तणनाशक फवारायचे नाही. काय करावे? (एक वाचक, फोंडा तालुका)

उत्तर : आपल्या पत्रातले ‘पहिली दोन वर्षे एक काडीही उगवली नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण रोगाचे निदान त्यातच आहे. तण जर खालच्या जमिनीतून प्लास्टिक फोडून वर येत असते तर ते पहिल्याच पावसाळ्यात दिसले असते, कारण जमिनीतले बी तेव्हा ताजे होते आणि खडीचा थरही नवा होता. दोन वर्षे थांबून ते उगवले याचा अर्थ ते खालून आलेले नाही, वरून आलेले आहे. वरून आलेल्या बियाला रुजायला लागणारी माती त्या दोन वर्षांत खडीच्या फटींत साचली. एक लव्हाळा याला अपवाद आहे, त्याच्याकडे पुढे वळतो.

याची खात्री घरीच करून घेता येईल. फाटकाजवळ, जिथे तण सर्वांत दाट येते, तिथली पाच-सहा ओंजळी खडी घमेल्यात घ्यावी आणि वर पाणी ओतून हाताने ढवळावी. वरचे दगड कोरडे आणि स्वच्छ दिसत होते, तरी पाणी क्षणात दुधाळ चहासारखे होते. ते तासभर निवळू दिले की तळाशी बोटभर जाडीचा काळसर-तांबडा गाळ बसतो. त्यात आंब्याच्या पानांचे देठ, सुक्या गवताची कुसळे आणि पांढऱ्या मुळांचे धागे स्पष्ट दिसतात. हा गाळ म्हणजे आपण नकळत तयार केलेला वाफा आहे, आणि त्याखाली अंथरलेले प्लास्टिक पाणी मुरू देत नसल्यामुळे तो वाफा पावसाळाभर ओलाही राहतो. आपल्या जांभ्याच्या जमिनीत पाणी भराभर मुरते. प्लास्टिक नसते तर पावसाने उघडीप देताच हा थर वाळला असता. ठेकेदाराने तणासाठी जे अंथरले, त्यानेच पुढे तणाला पाणी पुरवले.

गाळ कुठून येतो हे एकदा पाहिले की उपायांचा क्रम आपोआप लागतो. सर्वांत मोठा वाटा पानांचा असतो. फणस, आंबा, बकुळ यांची पाने नोव्हेंबरपासून मेपर्यंत खडीवर पडतात, गाडीच्या चाकाखाली भरडली जातात आणि पहिल्या पावसात कुजून फटींत उतरतात. दुसरा वाटा उतारावरून वाहत येणाऱ्या तांबड्या पाण्याचा आणि पागोळ्यांनी उडवलेल्या मातीचा. तिसरा चाकांना चिकटून येणाऱ्या चिखलाचा. चौथा बहुतेकांच्या लक्षात येत नाही: खडी घेतानाच तिच्यात कच मिसळलेली असते, कारण न चाळलेला माल स्वस्त पडतो आणि ट्रकमधून उतरताना तो चांगला बसल्यासारखाही वाटतो.

म्हणून पहिले काम खराट्याचे आणि दुसरे चाळणीचे. आपल्याकडे मृग लागायला अजून काही दिवस आहेत, त्यात वाळू चाळायची मोठी चाळण तिरकी उभी करून वाटेवरची खडी फावड्याने तिच्यावर टाकावी. दगड पुढे घरंगळतात आणि गाळ मागे पडतो. ६० चौरस मीटरच्या वाटेवर दोन इंचांचा थर असेल तर ती साधारण एक ब्रास खडी होते. माझ्या घरची जवळपास एवढीच वाट दोन माणसांनी तीन दिवसांत चाळून दिली होती. तेवढा खर्च यंदा करायचा नसेल तर चाकांचे दोन पट्टे सोडून द्यावेत, कारण तिथे रोज दाब पडत असल्यामुळे तण जवळजवळ नसतेच. मधला पट्टा आणि दोन्ही कडा एवढेच चाळले तरी निम्म्याहून अधिक काम झाले. निघालेला गाळ फुलांच्या वाफ्यात टाकण्याचा मोह होतो, पण त्यात बी भरलेले असते. तो माडाच्या आळ्यात टाकून वर चुडतांचा जाड थर द्यावा.

खडी बाजूला केलेलीच आहे तर ते प्लास्टिकही काढून टाकावे. परत पसरताना थर दोन इंचांहून कमी असेल तर नवी खडी आणून तो अडीच-तीन इंचांचा करावा. ती पाऊण इंची, धारदार कोपऱ्यांची आणि चाळलेली असावी. नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला छान असतात, पण ते एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखाली बाजूला सरकतात आणि मध्ये उघड्या पडलेल्या जमिनीत तणाला जागा देतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना चिरे जमिनीत निम्मे गाडून काठ बांधावा. वरच्या उताराच्या बाजूला वीतभर रुंदीचे गटार काढले की तांबडे पाणी वाटेवर न येता बाजूने निघून जाते. या एका गटाराने मला जेवढा फरक दिसला, तेवढा दुसऱ्या कशानेही दिसला नाही.

त्यानंतरही तण येणार, कारण गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. अशा हवेत उघडी राहिलेली जागा निसर्ग मोकळी ठेवत नाही. मात्र ते कधी काढायचे याला महत्त्व आहे. पहिल्या चांगल्या सरींनंतर आठ-दहा दिवसांत बी एकदम रुजते. त्या वेळी रोप दोन पानांचे असते, मूळ बोटाच्या एका पेरापेक्षा लांब नसते आणि खडीवरून लोखंडी दंताळे नुसते पुढे-मागे ओढले तरी ते उपटून येते. उघडीप असलेल्या सकाळी हे केले की दुपारपर्यंत उपटलेली रोपे सुकतात. पाऊस चालू असताना केले तर तीच रोपे पडल्या जागी पुन्हा मूळ धरतात, म्हणून तेव्हा ती गोळा करून बाहेर न्यावी लागतात. जून आणि जुलैमध्ये दर पंधरा दिवसांनी अर्धा तास दिला तर श्रावणात खुरपे घेऊन बसण्याची वेळ येत नाही. टाकळा, कुर्डू, एकदांडी, दुधी यांपैकी जे त्यातून निसटेल ते फुलावर येण्यापूर्वी हाताने उपटावे. टाकळ्याच्या शेंगा वाळेपर्यंत थांबू नये. त्याचे बी कठीण कवचाचे असते आणि जमिनीत काही वर्षे तग धरते.

लव्हाळ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे बी फारसे कामाचे नसते. तो जमिनीखालच्या काळ्या गाठींनी पसरतो आणि त्या गाठी बारीक दोऱ्यासारख्या खोडांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. वरचे गवत उपटले की दोरा तुटतो, गाठ खाली राहते, आणि साखळीत झोपलेल्या शेजारच्या गाठी तो दोरा तुटल्यामुळेच जाग्या होतात. ‘एक काढला तर चार आले’ असे लोक म्हणतात ते खोटे नाही. त्याचे टोक इतके अणकुचीदार असते की साधे प्लास्टिक तो सहज भोसकतो. पण त्याचीही एक दुबळी बाजू आहे: नवे पान काढायला तो गाठीतला साठा खर्च करतो आणि तो साठा भरून यायला त्याला ऊन आणि काही आठवडे लागतात. खडी बाजूला असतानाच जेवढ्या गाठी अरुंद खुरप्याने खणून निघतील तेवढ्या काढाव्यात. राहिलेल्यांचे कोंब दर दोन आठवड्यांनी, न चुकता, जमिनीलगत कापावेत. दोन-तीन पावसाळे हा नेम पाळावा लागतो, एका वर्षात सुटका होईल असे मी म्हणणार नाही. वाटेच्या कडेला दाट सावली देणारे झुडूप लावता आले तर तेही उपयोगी पडते, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही. दिवाळीच्या उटण्यात हाच नागरमोथा आपण पैसे देऊन विकत घेतो, हे आठवले की खणण्याचा कंटाळा थोडा कमी होतो.

प्रश्न : मीठ, विनेगर आणि भांडी घासायचा द्रव साबण यांचे मिश्रण फवारले की तण मरते असे सर्वत्र वाचायला मिळते. हे नैसर्गिक असल्याने निर्धोक समजावे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : या तिघांना वेगवेगळे पाहावे. साबण पानावर थेंब टिकवून धरतो, एवढेच त्याचे काम. स्वयंपाकघरातल्या विनेगरमध्ये सुमारे ४ टक्के आम्ल असते. माडाच्या सुरेचे असो वा बाटलीतले, ते कोवळ्या पानांना भाजते आणि कडक उन्हात दोन पानांची रोपे त्याने खरोखर मरतात. जून झालेल्या रोपाची पाने करपतात, मूळ शाबूत राहते आणि पंधरवड्यात ते पुन्हा फुटते. लव्हाळा आणि हरळी यांना तर त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय आपल्याकडे तण येते तेव्हा पाऊस असतो, आणि फवारल्यानंतर तासाभरात सर आली की विनेगर धुऊन जाते. मे महिन्यात, किंवा पावसात चार दिवसांची उघडीप मिळाली तर, पायऱ्यांच्या सांध्यांत ते वापरून पाहायला हरकत नाही. जुन्या घराच्या चुन्याच्या गिलाव्यावर आणि संगमरवरावर मात्र त्याचे शिंतोडे उडू देऊ नयेत, कारण आम्ल चुना खाते. २० टक्क्यांचे तीव्र आम्ल आणून वापरण्याचा सल्लाही काही ठिकाणी दिलेला असतो. ते डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते; त्याला निर्धोक म्हणणे मला पटत नाही.

मिठाबद्दल मी अनुभवाने बोलतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका एप्रिलमध्ये मी आमच्या गडग्यालगतच्या वाटेवर जाडे मीठ पसरले आणि जूनपर्यंत तिथे काहीही उगवले नाही, याचा मला अभिमानही वाटला. मग पाऊस आला. जुलैमध्ये वाटेवर तण परत आले आणि उताराच्या खालच्या बाजूला असलेली जास्वंदीची ओळ कडेने करपू लागली. त्यातली तीन झाडे गेली. फाटकाचे बिजागर त्या वर्षी गंजले ते गंजलेच. मीठ नाहीसे होत नाही, ते फक्त पाण्याबरोबर दुसरीकडे जाते, आणि जांभ्याच्या जमिनीत ती दुसरी जागा बहुधा विहीर असते. शिवाय मिठातला सोडियम मातीचे कण सुटे करतो, त्यांचा चिकट लेप होतो आणि पाणी मुरणे थांबते. ‘माडाच्या खड्ड्यात आपण मीठ घालतोच की’ असा प्रतिवाद मला नेहमी ऐकावा लागतो. माडाला मीठ सोसते. जास्वंद, अबोली, पपई आणि मिरची यांना ते सोसत नाही.

केरोसीन आणि गाडीचे जळके ऑईल ओतण्याची पद्धत अजून काही घरांत आहे, म्हणून न विचारताच लिहितो: विहीर असलेल्या आवारात ते करू नये.

प्रश्न : नवी वाट करताना खडीखाली कापड घालावे की पुठ्ठा? दोन्ही सल्ले मिळतात. (एक वाचक, सत्तरी तालुका)

उत्तर : पुठ्ठा आणि वर्तमानपत्रे यांचा सल्ला थंड देशांतल्या बागांसाठी ठीक असेल; आपल्याकडे ओला पुठ्ठा म्हणजे वाळवीला आमंत्रण आहे, आणि घराच्या पायापासून काही फुटांवर ते देऊ नये. वाळवी आली नाही तरी एका पावसाळ्यात त्याचा लगदा होतो. कापड घालायचे असेल तर न विणलेले, पाणी झिरपू देणारे जिओटेक्सटाइल घ्यावे, जोडाच्या ठिकाणी ते वीतभर एकमेकांवर यावे आणि त्याचा कुठलाही भाग उन्हात उघडा राहू नये. त्याचा खरा उपयोग खडी खालच्या मातीत रुतू न देणे हा आहे. वरून पडणारे बी ते थांबवू शकत नाही, म्हणून कापड घातले की खराटा सुटला असे समजू नये. कापडाच्या आधी जमीन चोपून घट्ट करणे आणि मधोमध किंचित उंचवटा ठेवून दोन्ही बाजूंना उतार देणे, याकडे ठेकेदाराचे लक्ष आपण उभे राहून वेधावे लागते.

प्रश्न : वय झाल्याने वाकून तण काढणे जमत नाही. उकळते पाणी किंवा गॅसची ज्योत वापरावी काय? (एक वाचक, पेडणे तालुका)

उत्तर : उकळते पाणी कोवळ्या तणावर उत्तम चालते, पण एका किटलीत जेमतेम हातभर जागा होते आणि खडीतून खाली जाईपर्यंत ते निवते. पायरी, फाटकाचा उंबरा, चिऱ्यांचे सांधे एवढ्यापुरते ते ठेवावे. भरलेले भांडे घेऊन खडीवरून चालणे आपल्या वयात धोक्याचे आहे. ते काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावे. ज्योत मी सुचवणार नाही. पावसात ती ओल्या पानांवर चालत नाही, आणि कोरड्या दिवसांत कडेचे सुके गवत, चुडते आणि शेजाऱ्याची काजूची बाग पेटायला वेळ लागत नाही.

आपल्याला योग्य साधन म्हणजे लांब दांड्याचे दंताळे. दांडा आपल्या खांद्याएवढा असावा, म्हणजे उभ्यानेच ओढता येते. एका दिवशी सगळी वाट करण्याऐवजी रोज सकाळी चार-पाच मीटर ओढावे, म्हणजे आठवड्यात वाट पुरी होते आणि तण दोन पानांपुढे जातच नाही. दाट वाढलेल्या कडेत हात घालण्याआधी मात्र काठीने हलवून पाहावे आणि पायात बूट असावेत, कारण फुरसे खडीच्या रंगात दिसत नाही.

प्रश्न : दुकानदाराने ग्लायफोसेट हे तणनाशक दिले आणि ते मातीला लागताच निष्प्रभ होते असे सांगितले. एकदाच फवारून मोकळे व्हावे, असे वाटते. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातला आणि ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांमार्फतच वापरावे असे ठरवले, त्यामुळे दुकानातून बाटली आणून आपण ते स्वतः फवारणे मुळात त्या नियमात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले. अमेरिका आणि युरोप येथील नियामक संस्थांनी तो निष्कर्ष स्वीकारला नाही, आणि तो वाद इथे सोडवण्याची माझी पात्रता नाही. माझा आक्षेप साधा आहे. ते मातीत बांधले जाते म्हणूनच ते मातीतल्या बियाला काही करत नाही. जे उगवले आहे तेवढेच मरते. जूनमध्ये फवारले तर मेलेल्या तणाच्या जागी जुलैत नवे तण येते, आणि मेलेले तण तिथेच कुजून गाळात भर घालते. ‘एकदाच’ असे त्यात काही नाही. त्याऐवजी कोणी पॅराक्वाट देऊ केले तर ते घरात आणूच नये. त्यावर नेमका उतारा उपलब्ध नाही आणि चुकून गेलेला एक घोटही प्राणघातक ठरतो.

आपल्याच पत्रात शेवटी विचारले आहे की वाटेवर आलेला टाकळा भाजीसाठी आणि हरळी दुर्वांसाठी वापरावी का. ज्या वाटेवर कधीही काही फवारले नाही, तिथला गडग्याच्या बाजूचा कोवळा टाकळा फणसाच्या आठळ्या घालून खुशाल करावा. गाडी उभी राहते तिथला, जिथे तेलाचे थेंब पडतात, तो टाकून द्यावा. हरळीचा एक हातभर तुकडा चतुर्थीपर्यंत काठाच्या चिऱ्याबाहेर राखायला हरकत नाही. तिची धावती खोडे प्रत्येक पेराशी मूळ धरतात, म्हणून चिऱ्यावर चढलेली टोके दर आठवड्याला कोयत्याने छाटावीत आणि विसर्जन झाले की तो तुकडा मुळासकट काढावा.